कुकी काढून टाकायची गरज नाही

वेबसाइट वर्षानुवर्षं नीट चाललेली असते. लोक लॉग-इन करतात, ब्राउझरला कुकी मिळते, कुणाची तक्रार नसते. मग मोबाइल ॲप काढायचं ठरतं आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी ठणकावून सांगतं, ‘ॲपला टोकन लागणार. म्हणजे कुकीवालं लॉग-इन काढावं लागेल. एका सर्व्हरवर दोन्ही चालत नाही.’ सगळे माना डोलावतात. मग धडधाकट लॉग-इन मोडण्यात आठवडेच्या आठवडे जातात आणि त्याच्या जागी जे उभं राहतं, ते पुष्कळदा आधीच्यापेक्षा कच्चं असतं.

‘दोन्ही चालत नाही’ हे कुठे लिहिलंय, असं विचारलं की मात्र उत्तर येत नाही. येणारही नाही, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही.

गैरसमज: एका सर्व्हरवर ओळख पटवण्याची एकच पद्धत चालते

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एचटीटीपीच्या मानकात अनेक पद्धतींची सोय पहिल्यापासून गृहीत धरलेली आहे. ओळख पटली नाही तर सर्व्हर ४०१ हे उत्तर देतो आणि सोबतच्या हेडरमध्ये आपल्याला कोणकोणत्या पद्धती चालतील ते सांगतो. ‘कोणकोणत्या’ हे अनेकवचन मानकातलंच आहे. १९९९ च्या आरएफसी २६१७ मध्ये बेसिक आणि डायजेस्ट या दोन पद्धती शेजारी शेजारी मांडल्या आहेत, आणि सर्व्हरने एकाहून अधिक पर्याय दिले तर त्यातला आपल्याला कळणारा सर्वांत मजबूत पर्याय निवडावा, असं ब्राउझरला बजावलेलं आहे. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही अनेक पर्याय देण्याची मुभा कायम आहे.

मानकं वाचायचा कंटाळा असेल तर रोजच्या वापरातली फ्रेमवर्क पाहा. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ओळख पटवणाऱ्या क्लासेसची चक्क यादी द्यायची असते, आणि काहीही न बदलता त्या यादीत दोन नावं असतात: सेशन (म्हणजे कुकीवरचं लॉग-इन) आणि बेसिक. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये कुकी आणि बेअरर टोकन या दोन ‘स्कीम’ एकाच ठिकाणी नोंदवता येतात, आणि कोणत्या विनंतीला कोणती लावायची हे ठरवणारं छोटं फंक्शनही देता येतं. लाराव्हेलचं सँक्टम तर याच कामासाठी जन्मलंय: आपल्याच फ्रंटएंडकडून विनंती आली की ते आधी कुकी बघतं, ती नसेल तर हेडरमधलं टोकन. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये बहुधा यांपैकीच एखादं फ्रेमवर्क असतं, हे विशेष.

मग हा समज आला कुठून? एक कारण म्हणजे कुकी आणि टोकन यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानणं. मुळात त्या एका जातीच्या वस्तूच नाहीत. कुकी हे वाहन आहे. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ती तयार केली ती एवढ्याचसाठी, की सर्व्हरने दिलेला मजकूर ब्राउझरने जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर स्वतःहून परत पाठवावा. टोकन म्हणजे त्या मजकुराचा एक प्रकार, ओळखीचा पुरावा. डबा स्टीलचा की प्लास्टिकचा यावरून आत भाजी कोणती हे कळत नाही, तसंच हे. सेशन क्रमांक हेडरमधूनही पाठवता येतो आणि जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं टोकन, कुकीतूनही. बेअरर टोकनचं मानक असलेल्या २०१२ च्या आरएफसी ६७५० मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना आहे: उघड्या जोडणीवरून जाऊ शकेल अशा कुकीत टोकन ठेवू नका, कुकीत ठेवणार असाल तर सीएसआरएफचा, म्हणजे दुसऱ्याच साइटने वापरकर्त्याच्या नावावर गुपचूप विनंती धाडण्याचा, बंदोबस्त करा. मानकाने अट घातली आहे, बंदी नव्हे.

दोन्हींतला खरा फरक एकच आहे. कुकी ब्राउझर आपणहून जोडतो. ऑथरायझेशन हेडरमधलं टोकन कुणीतरी कोड लिहून मुद्दाम जोडावं लागतं. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

मग हात पोळतात कुठे?

दोन्ही पद्धती एकत्र करताना अनेकांनी चटके खाल्लेत, हे खरं आहे. पण दोष एकत्र करण्याचा नसतो. या विनंतीची ओळख नेमकी कशावरून पटली, हे सर्व्हरला माहीत नसतं म्हणून चटके बसतात. ठरलेल्या जागा तीन.

पहिली जागा रीडायरेक्टची. कुकीवाल्या साइटवर लॉग-इन नसलेला माणूस आला की त्याला ३०२ देऊन लॉग-इनच्या पानावर पाठवतात. माणसासाठी हे ठीकच आहे. पण ॲपने एपीआयला हाक मारली आणि त्यालाही ३०२ मिळालं, तर ॲप मुकाट्याने त्या पानावर जातं, २०० घेऊन येतं आणि जेसन समजून एचटीएमएल वाचायला बसतं. पहिल्याच अक्षराला पार्सर कोसळतो. डेव्हलपर दोन दिवस डोकं फोडून निष्कर्ष काढतो की दोन्ही एकत्र चालत नाही. अहो, फक्त एपीआयच्या पत्त्यांवर ३०२ ऐवजी ४०१ द्यायचं होतं! जँगो रेस्टमध्ये याचाच चुलतभाऊ भेटतो: नकार ४०१ ने द्यायचा की ४०३ ने, हे यादीतल्या पहिल्या क्लासवरून ठरतं. सेशनचा क्लास वर असेल तर ४०३ जातं, आणि टोकन नवं करून घेण्यासाठी ४०१ ची वाट पाहणारं ॲप वाट पाहतच बसतं.

दुसरी जागा सीएसआरएफची. ‘एपीआय आहे, सीएसआरएफ तपासणी बंद करा’ हे वाक्य अर्धं खरं असल्यामुळेच घातक आहे. पुरावा म्हणजे हेडरमधलं टोकन असेल तर ही तपासणी खरंच लागत नाही, कारण परक्या साइटवरचा फॉर्म ते हेडर जोडू शकत नाही. पण त्याच एपीआयला ब्राउझर कुकी घेऊन हाक मारत असेल, तर तपासणी हवीच. एपीआय आहे की पान आहे, हा मुद्दाच नाही. पुरावा आपोआप आला का, हा आहे. जँगो रेस्टने हे नेमकं ओळखलंय: तिथे सीएसआरएफ तपासणी सेशनच्या क्लासमध्येच बसवली आहे, त्यामुळे कुकीवरून ओळख पटली तरच ती होते. ‘सेमसाइट आहे की आता’ हेही उत्तर पुरेसं नाही. परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची की नाही, हे ठरवणारी ही कुकीवरची अट. २०२० मध्ये क्रोमने कुकीला न सांगता या अटीची ‘लॅक्स’ ही पातळी लावायला सुरुवात केली, ते चांगलंच झालं. पण सेमसाइट नावाप्रमाणे साइटच पाहतं. तुमच्याच डोमेनच्या एखाद्या बेवारस सबडोमेनवरून आलेली विनंती त्याला परकी वाटत नाही.

तिसरी जागा सर्वांत कमी बोलली जाणारी. एकाच विनंतीत कुकीही आली आणि टोकनही, तर? हेडर म्हणतंय हा एक माणूस, कुकी म्हणते दुसरा. त्याहून वाईट म्हणजे टोकन चुकीचं निघालं की ‘बरं, कुकी बघू’ म्हणणारा सर्व्हर. आरएफसी ६७५० मध्ये यूआरएलमधून टोकन पाठवायचीही एक पद्धत आहे. ती टाळावी असं तिथेच सुचवलंय, तरी अनेक ठिकाणी ती चालू असते. आता कल्पना करा: हल्लेखोराच्या पानावरचा फॉर्म तुमच्या सर्व्हरला विनंती पाठवतो आणि यूआरएलमध्ये टोकन म्हणून काहीतरी कचरा लिहितो. सर्व्हर म्हणतो, टोकन आलंय, सीएसआरएफ तपासणी नको. मग टोकन तपासतो, ते खोटं निघतं, तो कुकीकडे वळतो, आणि कुकी ब्राउझरने पाठवलेली, अगदी खरी, सेमसाइटची अट काढून ठेवलेली. झालं काम. दोन्ही दारांना कुलूप असून चोर मधून शिरला.

म्हणून नियम: टोकन आलं असेल तर निवाडा टोकनवरच, ते खोटं ठरलं तर सरळ ४०१, कुकीकडे बघायचंही नाही. सँक्टमसारखा क्रम उलटा असला तरी हरकत नाही. क्रम ठरलेला हवा आणि सीएसआरएफची तपासणी त्याच निर्णयाला बांधलेली हवी. एकदा ओळख पटली की पुढच्या कोडला दोन्हीकडून सारखाच वापरकर्ता मिळावा. टोकनला कमी अधिकार दिले असतील तर तेवढीच मर्यादा त्याच्याबरोबर पुढे जावी.

हे जमलंय का, ते चार विनंत्यांत कळतं. बरोबर कुकी, पण सीएसआरएफ तपासणीचं वेगळं टोकन नसलेली पोस्ट विनंती: नाकारली गेली पाहिजे. हेडरमध्ये बरोबर टोकन, कुकी नाही: चालली पाहिजे. खोटं टोकन आणि बरोबर कुकी: ४०१ (क्रम उलटा असेल, तर कुकीसाठीची सीएसआरएफ तपासणी झालीच पाहिजे). काहीच नाही: पानाला रीडायरेक्ट, एपीआयला ४०१. या चार चाचण्या लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ‘कुकी की टोकन’ या वादात जातो.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*‘जेडब्ल्यूटी एन्क्रिप्टेड असतं.’* सर्रास वापरलं जाणारं जेडब्ल्यूटी फक्त सही केलेलं असतं. बेस-६४ उलगडलं की आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, तेव्हा त्यात आधार क्रमांक टाकू नका.

*‘लॉग-आउट केलं की टोकन संपतं.’* फोनमधून पुसलं जातं, एवढंच. चोरीला गेलेली प्रत मुदत संपेपर्यंत चालते. त्याआधी बाद करायची तर सर्व्हरवर नोंद ठेवावीच लागते.

*‘टोकन लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं की सुरक्षित.’* सीएसआरएफपासून, हो. पण पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचून बाहेर नेऊ शकते, म्हणूनच सेशनची ओळख तिथे ठेवू नका असं ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. स्क्रिप्टला वाचता न येणारी ‘एचटीटीपी-ओन्ली’ कुकी २००२ पासून उपलब्ध आहे. तीही घुसलेल्या स्क्रिप्टला विनंत्या पाठवण्यापासून रोखत नाही, पण ऐवज तरी घरात राहतो.

*‘कुकी म्हटली की सर्व्हरवर सेशन साठवणं आलंच.’* फ्लास्क आणि रेल्स मुळात सगळं सेशन कुकीतच ठेवतात; फ्लास्क सही करून, रेल्स एन्क्रिप्ट करून.

*‘मोबाइल ॲपला कुकी वापरता येत नाही.’* येते. आयफोनवर यूआरएल-सेशन ती आपणहून सांभाळतं, अँड्रॉइडवर ओके-एचटीटीपीला कुकीजार द्यावा लागतो. टोकन सोयीचं पडतं म्हणून वापरा, नाइलाज म्हणून नव्हे.

*‘ब्राउझर कुकी बंद करताहेत.’* वाद चालू आहे तो परक्या साइटच्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकींवर. सफारीने त्या २०२० मध्येच पूर्ण अडवल्या. तुमच्या साइटने तुमच्याच साइटसाठी दिलेल्या लॉग-इनच्या कुकीचा त्या भांडणाशी संबंध नाही.

*‘रेस्टमध्ये कुकी बसत नाही.’* यात तथ्य आहे: रॉय फिल्डिंग यांनी रेस्टची कल्पना मांडणाऱ्या २००० सालच्या आपल्या प्रबंधात कुकीवर खरंच टीका केली आहे. पण त्याच प्रबंधातली हायपरमीडियाची अट, म्हणजे पुढे काय करता येईल हे उत्तरातल्याच दुव्यांतून कळावं ही अपेक्षा, आपले बहुतेक ‘रेस्ट’ एपीआय पाळत नाहीत. तेव्हा कुकीवरून फिल्डिंग यांचा दाखला देणाऱ्याने आधी आपल्या एपीआयच्या उत्तरात एक तरी दुवा आहे का, ते बघून यावं.