जांभ्याचा गडगा आणि दाताचा स्क्रू

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांवर काळसर वाळू आढळते. तिच्यातील काळ्या, जड कणांत इल्मेनाइट नावाचे खनिज असते. त्यात लोखंड आणि टायटॅनियम असतात. यांपैकी टायटॅनियमचा सुमारे ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब स्क्रू पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्यावर कृत्रिम दात चढवतात. या स्क्रूला इम्प्लांट म्हणतात.

यासाठी टायटॅनियमच का? हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हाड त्याला घट्ट धरून वाढते. स्वीडनचे ब्रानेमार्क १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करीत होते. काम संपल्यावर टायटॅनियमचे उपकरण हाडातून सुटेना! १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पुढे असे दिसले, की पृष्ठभाग किंचित खडबडीत असला तर हाड अधिक चांगले धरते. म्हणून तो आम्ल वापरून किंवा बारीक कणांचा मारा करून मुद्दाम खडबडीत करतात.

अडचण इथेच आहे. हाडाला उपयोगी पडणारा खडबडीतपणा जीवाणूंनाही आसरा देतो. स्क्रू हाडात बुडालेला असेपर्यंत काळजी नसते. पण हिरडी सुजली आणि हाड झिजू लागले, की त्याचे आटे उघडे पडतात.

पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ कसे धरते ते कोकणातील विद्यार्थ्यांना सांगायला नको. वर्गात एक प्रयोग करू. जांभ्याचा एक तुकडा आणि गडद रंगाच्या गुळगुळीत फरशीचा एक तुकडा घ्या. तांदळाची पिठी पाण्यात कालवून दोन्हींना फासा. वाळल्यावर दोन्ही तुकडे नळाखाली मऊ ब्रशने घासा. फरशी स्वच्छ होईल. जांभ्याच्या भोकांत पिठी उरेल. आता तारेचा ब्रश वापरा. पिठी कमी होईल, पण जांभाही झडेल.

दंतवैद्यांपुढे नेमका हाच पेच असतो. पोलादी हत्यार टायटॅनियमवर ओरखडे पाडते. म्हणून प्लास्टिकची किंवा टायटॅनियमचीच हत्यारे, टायटॅनियमचे ब्रश, हवेच्या झोताबरोबर ग्लायसीनसारखी बारीक पूड किंवा लेसर यांचा उपयोग करतात. तरीही आट्यांच्या खाचांतील प्रत्येक जीवाणू निघेल, अशी खात्री कोणतीच पद्धत देत नाही.

मग जंतुनाशकाने चूळ भरली तर? जीवाणू सुटे राहत नाहीत. ते स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात दाटीने राहतात आणि औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. सुमारे १६८३ साली हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी दातांवरचा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांनाही व्हिनेगरने फक्त बाहेरचे जीव मरतात, आतले तगतात, असे आढळले होते. म्हणून थर आधी घासून मोडावा लागतो, औषध त्यानंतर.

खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घट्ट रुतलेले असतात. स्क्रूभोवती ते तसे रुतत नाहीत. त्यामुळे जीवाणूंना खाली उतरणे सोपे जाते. शिवाय अनेकदा काहीच दुखत नाही. धूम्रपान करणाऱ्यांना आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना धोका अधिक असतो.

सूज हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने ती बरी होऊ शकते. झिजलेले हाड मात्र सहजी परत येत नाही. तेव्हा घरात आजीआजोबांना असा दात बसवला असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यांना एवढे जरूर सांगावे: रोज दोनदा मऊ ब्रशने घासा, दातांमधल्या फटीही साफ करा आणि घासताना रक्त दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडे जा.