पहाटेची मोकळीक : महाराष्ट्रातील स्त्रियांच्या व्यायामाचा मागोवा

२०२४ आणि २०२५ ही दोन वर्षे महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेला शतकपूर्तीची गेली. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात स्थापन केलेले कैवल्यधाम आणि कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात उभारलेले महाराष्ट्रीय मंडळ या दोन्ही संस्था १९२४ च्या, तर दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. नेमक्या याच काळात वजन उतरवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात रीतसर दाखल झाली. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आले आणि जूनमध्ये स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करून ही औषधे भूक मंदावतात, आणि मधुमेह व स्थूलता या खऱ्या आजारांत त्यांचा उपयोग आहे, याबद्दल वाद नाही. बोचणारी गोष्ट अशी की, ती येताच ‘मग आता व्यायामाची कटकट कशाला’ हा प्रश्न स्त्रियांपुढे अगदी सहज टाकला गेला आणि तो फारसा कोणाला खटकलाही नाही. व्यायाम म्हणजे वजन उतरवण्याचे साधन, हे समीकरण स्त्रियांच्या बाबतीत किती पक्के बसले आहे, हे त्यावरून कळून येते. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत स्त्रियांना नाना कारणांनी व्यायामाकडे नेण्यात आले, परंतु त्या तिथे टिकल्या त्या मजा येत होती म्हणून. आणि ही मजा शेकड्यांनी स्त्रियांच्या वाट्याला आली ती साधारणतः २०१० ते २०२० या एका दशकात.

शतकाचा पहिला अर्धा भाग थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यात स्त्रियांच्या व्यायामाचा विचार झाला तो बहुतांशी दुसऱ्याच कशासाठी तरी. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करताना स्त्रियांना वगळले नाही. १९३६ मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर यांनी स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीच्या शाखांत मुलींच्या हाती लाठी आली. पुढे दोरीच्या मल्लखांबावर मुली सफाईने चढू लागल्या. त्या काळाच्या मानाने ही पावले मोठीच होती. तथापि त्यांमागची भाषा सुदृढ माता, सबल राष्ट्र आणि स्वसंरक्षण अशी होती, त्यामुळे लग्न ठरले की मैदान सुटे आणि ते सुटल्याची खंत सासरी-माहेरी कोणालाच वाटत नसे. त्या मैदानावर खुद्द मुलीला काय वाटत होते, हे विचारण्याची गरज व्यायामप्रसारकांना क्वचितच भासली.

मजा होती ती मंगळागौरीच्या जागरणात. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाटण्याची फुगडी हे खेळ ज्यांनी रात्रभर खेळले आहेत त्यांना दम, तोल आणि मांड्यांची ताकद म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही; पण हे सुख श्रावणातल्या मोजक्या रात्रींपुरते. उरलेल्या वर्षासाठी ‘घरकाम हाच बाईचा व्यायाम’ हे वचन तयारच होते आणि ते आजही सर्रास ऐकू येते. व्यायामशास्त्रात वाढत्या भाराचे तत्त्व पायाभूत मानले जाते, म्हणजे शरीराला एका भाराची सवय झाली की तो थोडा वाढवायचा आणि मध्ये पुरेशी विश्रांती द्यायची. धुणीभांडी, केरवारे आणि पोळ्या यांत भार कोणत्याही क्रमाने वाढत नाही आणि विश्रांती तर नसतेच. अशा कामाने शरीर दमते, पण सुदृढ होतेच असे नाही.

१९८० आणि १९९० च्या दशकांचा हिशेब मात्र चुकता केला पाहिजे. अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडा यांची व्यायामाची व्हिडिओफीत १९८२ मध्ये निघाली आणि एरोबिक्स, म्हणजे श्वासोच्छ्वास व हृदयगती वाढवून बराच वेळ लयीत चालणारा व्यायाम, मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत पोहोचला. त्यात ताल होता, घाम होता, गंमतही होती. परंतु नव्वदीत सौंदर्यस्पर्धांच्या लाटेबरोबर वजन घटवून देणाऱ्या केंद्रांचे पेव फुटले आणि गंमत मागे पडली. थरथरणारे पट्टे, पोटाला गुंडाळायची गरम आवरणे, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे, आगाऊ भरायची रक्कम आणि दर भेटीला वजनकाट्यावर होणारी हजेरी, असा तो व्यवहार होता. स्त्रीला आधी तिच्या शरीराची लाज वाटायला लावायची आणि मग ती लाज हप्त्याहप्त्याने कमी करून द्यायची, हे त्यामागचे सूत्र. दोन किलो परत वाढले की दोष पुन्हा तिचाच. व्यायामशाळांनी ‘लेडीज बॅच’ काढली तीही दुपारी, पुरुषांना नको असलेल्या वेळेत. या गदारोळात पुण्याच्या गीता अय्यंगार यांचे काम उठून दिसते. पाळी, गरोदरपण आणि रजोनिवृत्ती या टप्प्यांचा विचार करून स्त्रियांच्या योगाभ्यासाची शिस्तशीर मांडणी करणारे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात स्त्रीचे शरीर दुरुस्तीला आलेली वस्तू म्हणून वागवले गेले नाही.

खरा बदल रस्त्यावर झाला. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात धावणाऱ्या हौशी स्त्रिया थोड्याच होत्या. २०१० मध्ये नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी २०१२ पासून सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक पटकावला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. २०१२ मध्येच केवळ स्त्रियांसाठीची पिंकाथॉन मुंबईत आणि डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन साताऱ्यात सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच, कारण लांब पल्ला स्त्रीच्या शरीराला झेपत नाही असा समज क्रीडाक्षेत्रात दीर्घकाळ ठाण मांडून होता. या पार्श्वभूमीवर चाळिशीच्या गृहिणी, बँकेतल्या कारकून आणि शाळाशिक्षिका दहा किलोमीटरची तयारी करू लागल्या, ही घटना दिसते त्यापेक्षा मोठी होती.

शिवाजी पार्कचा कट्टा, पुण्याची तळजाई टेकडी, कोल्हापूरचा रंकाळा अशा ठिकाणी पहाटे साडेपाचला जमणारे स्त्रियांचे गट हे या दशकाचे चित्र होय. पहिल्या आठवड्यात सलवार-कमीज, छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली ओढणी आणि मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट असा वेश असे. एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, ही जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने लोकप्रिय केलेली धाव-चाल पद्धत बहुतेक ठिकाणी वापरली जाई. तिच्या जोडीला बोलण्याची कसोटी असे; धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग योग्य, शब्द तुटू लागले तर कमी करायचा, इतकी ती साधी होती, आणि बोलणे हाच व्यायामाचा भाग ठरल्यामुळे ती कोणाला जाचक वाटली नाही. दोन-तीन महिन्यांत ओढणी घरी राहू लागली, ट्रॅकपँट आली, बरे बूट आले आणि स्पोर्ट्स ब्रा आली. हे वस्त्र १९७७ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधारपट्टे एकमेकांना शिवून प्रथम बनवले. आपल्याकडे ते सुरुवातीला टॉवेलाखाली लपवून वाळत घातले जाई आणि वर्षभराने बाल्कनीच्या दोरीवर उघडपणे येई.

या गटांना टिकवले कशाने, याचे उत्तर मानसशास्त्रात मिळते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ च्या सुमारास मांडलेल्या स्वयंनिर्णयाच्या सिद्धांतानुसार माणसाची आतून येणारी प्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते : आपण आपल्या मर्जीने वागत आहोत ही जाणीव, आपल्याला काहीतरी जमू लागले आहे हा प्रत्यय आणि आपल्याला कोणीतरी आपले मानते हा विश्वास. बक्षीस, भीती किंवा लाज यांच्या जोरावर सुरू केलेली गोष्ट तो जोर ओसरताच बहुधा थांबते. वजन घटवणारी केंद्रे भीती आणि लाज यांवर चालली, पहाटेचे गट या तीन गरजांवर, आणि म्हणूनच दोहोंचे आयुष्य वेगळे ठरले.

मर्जीची बाब सर्वांत नाजूक होती. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले की, पुरुष रस्त्यावर विनाकारण रेंगाळू शकतो, स्त्रीला मात्र बाहेर असण्याचे सबळ कारण सतत वागवावे लागते. धावण्याच्या शर्यतीचा छापील क्रमांक हे असे एक कारण ठरले. ‘इतक्या पहाटे कुठे?’ या प्रश्नाला ‘प्रॅक्टिसला’ हे उत्तर मिळाले आणि त्या उत्तराआड स्वतःचा असा एक तास सुरक्षित राहिला. जमू लागल्याचा प्रत्यय तितकाच मोलाचा होता, कारण न थांबता पाच किलोमीटर पार करणाऱ्या स्त्रीला आपले शरीर कसे दिसते याऐवजी ते काय करू शकते या अंगाने, अनेकींच्या बाबतीत शाळा सुटल्यानंतर प्रथमच, मोजता आले. आपलेपणाविषयी बोलायचे तर, गटात कोणी अमक्याची आई किंवा तमक्यांची सून नसे, नावानेच हाक मारली जाई; रविवारच्या लांब धावेनंतर सगळ्यात मागची आल्याशिवाय पोह्यांच्या बश्या हातात घेतल्या जात नसत; आणि पाळीच्या दिवसांत धावावे का, मांड्या घासल्या तर काय लावावे, गुडघ्याचे काय करावे, या गोष्टी मोकळ्या आवाजात बोलल्या जात.

या चित्राची मर्यादाही नोंदवली पाहिजे. हे गट मुख्यतः शहरी आणि मध्यमवर्गीय होते. त्यांच्या शेजारून त्याच वेळी कामावर निघालेल्या घरकामगार स्त्रिया पायी जात आणि त्यांना थांबायला सवड नसे. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लता करे यांचे कौतुक भरपूर झाले, २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. पण त्या धावल्या होत्या पतीच्या उपचारांसाठी बक्षिसाची रक्कम हवी म्हणून, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातली लाजिरवाणी बाजू दिसलीच नाही.

दशक संपता संपता ओहोटी लागली. प्रायोजक आले, प्रवेशशुल्क चढले, ८ मार्चला गुलाबी टी-शर्ट वाटून उरलेले वर्ष विसरण्याची प्रथा पडली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने मैदाने बंद केली आणि व्यायाम पडद्यावर गेला. त्याची सोय नाकारता येणार नाही, कारण लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असलेल्या कित्येकींना तोच एक मार्ग होता; परंतु घराबाहेरचा तास घरात आला की तो घराचाच होतो आणि चटईवर आडव्या झालेल्या स्त्रीला चहाची साखर कुठे आहे हे विचारायला कोणी संकोचत नाही. निर्बंध उठल्यावर काही गट पुन्हा जमले, बरेच पांगले ते पांगलेच. शेजारणीची जागा मनगटावरच्या यंत्राने घेतली. त्यातील दहा हजार पावलांचे उद्दिष्ट १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमोजणीयंत्राच्या नावातून आले आहे, वैद्यकीय संशोधनातून नव्हे, हे ते पाळणाऱ्यांना सहसा माहीत नसते. आकड्यांबरोबर वजनकाटा परत आला आणि त्याच्या मागोमाग इंजेक्शन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील विश्लेषणानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम. यावर ‘बायकांना प्रेरणाच नसते’ हे निदान ठरलेले आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची २८९ मिनिटे त्या बिनपगारी कामात जातात आणि पुरुषांची ८८, असे आढळले. दोनशे मिनिटांच्या या तफावतीतून रोज पंचेचाळीस मिनिटे सोडवली तर आठवड्याचे उद्दिष्ट दुपटीने पुरे होते, इतके साधे हे गणित आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होतात, वयाबरोबर स्नायू घटतात, आणि इंजेक्शनने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून ते घेणाऱ्यांनाही ताकदीचा व्यायाम करण्याचा सल्ला दिला जातो. तेव्हा व्यायामाची गरज संपली हे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्याही टिकत नाही.

प्रेरणेवरील व्याख्याने पुरे झाली. नगरपालिकांनी मैदानाचे दिवे पहाटे पाचला लावावेत, तिथल्या स्वच्छतागृहाचे कुलूप काढावे, बागा दुपारीही उघड्या ठेवाव्यात. व्यायामशाळांनी वजनकाटा कोपऱ्यात सारावा. आणि घरातला सकाळचा पहिला चहा ज्याला हवा असेल त्याने तो स्वतः करून घ्यावा.