वाघ दिसला का?

टिटवाळ्यात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचे नवल नसते. अंगारकी चतुर्थीला तर निम्मी मुंबई आमच्या स्टेशनवर उतरते आणि महागणपतीच्या रांगेत उभी राहते. गावाची ख्यातीही मोठी आहे. काळू नदीच्या काठी येथेच कण्वमुनींचा आश्रम होता आणि येथल्या गणपतीची स्थापना शकुंतलेने केली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या प्राध्यापकांनी या गोष्टीकडे पाहून मिशीत हसावे. मराठीच्या प्राध्यापकाला तसे करून चालत नाही. कारण शकुंतलेची गोष्ट वर्गात सांगायची म्हणजे तिचा आरंभ शिकारीपासून करावा लागतो. हरणामागे रथ दौडवीत दुष्यंत येतो, बाण सुटणार इतक्यात तपस्वी आडवे होतात आणि हे आश्रमातले हरिण आहे, मारू नकोस, असे बजावतात. राजा मुकाट्याने बाण उतरवतो.

हा प्रसंग मी कित्येक वर्षे शिकवीत आलो. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या हिवाळ्यात ताडोबाच्या जंगलात एका वाटाड्याने समजावून सांगितला.

ताडोबाला जाण्याचा हट्ट आमच्या चिरंजीवांचा. वय वर्षे बारा. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असतात, हे ज्ञान त्यांनी आम्हांला जेवता जेवता दिले. सौभाग्यवतींचे म्हणणे होते की, एवढा पैसा खर्च करून वाघाच्या दारात जायचे, तर त्यापेक्षा महाबळेश्वर काय वाईट? पण मुलाच्या हट्टापुढे महाबळेश्वर हरले. कल्याणहून रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तेथून मोटारीने चंद्रपूरकडे, असा बेत ठरला.

प्रवासाची पूर्वतयारी

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. ताडोबाचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, बंद असते आणि एरवी मंगळवारी बंद असते. सकाळ व दुपार अशा दोन फेऱ्या होतात. जागेचे आरक्षण आधी करावे लागते, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ते बरेच आधी करावे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही ओळखीची प्रवेशद्वारे. उघड्या जिप्सी गाडीत पर्यटक, चालक आणि वनखात्याने नेमलेला स्थानिक वाटाड्या एवढी मंडळी असतात. मोबाइल फोन आत वापरता येत नाही, आणि गाडीतून खाली उतरण्यास सक्त मनाई आहे. वाघ दिसण्याचा संभव उन्हाळ्यात अधिक, कारण पाणवठे आटलेले असतात आणि गवत वाळलेले असते. दिवाळीच्या सुमारास जंगल हिरवे, देखणे आणि दाट. म्हणजे जंगल पाहावयास उत्तम, वाघ पाहावयास अवघड. हिवाळ्यातल्या पहाटेच्या फेरीला लोकरीचे कपडे आणि कानटोपी विसरू नये. आम्ही विसरलो होतो.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली जाहीर झाले, तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. पुढे १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. गाभाक्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचे आहे. नावाची कथा अशी की, तारू नावाचा एक गोंड पुढारी वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे. ज्याला वाघाने मारले त्याच्याच नावाने वाघाचे जंगल ओळखले जावे, यावर थोडा विचार करावा असे वाटते.

जंगलाचे वाचन

पहिल्या पहाटे आम्ही कुडकुडत आत शिरलो. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. मधूनच ऐनाचे झाड; त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चिरफाळलेली. कांडोळाची पांढरीफटक झाडे धुक्यात अशी उभी होती की, लोक त्यांना भुताची झाडे का म्हणतात ते न सांगता कळावे. रस्त्याच्या कडेला ओळीने उंच दगडी खांब दिसले. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर ओढून घंटेने निरोप पोहोचवीत, असे सांगतात.

आमचा वाटाड्या तिशीतला, शेजारच्याच गावचा. बोलणे मोजके. त्याने आमच्या मुलाला जंगल वाचायला शिकवले. वानर उंच फांदीवरून खाकरल्यासारखा ओरडला, की त्याला वरून काही दिसले आहे. चितळ ओरडले तर ते वासानेही बिचकलेले असेल, त्यावर लगेच विसंबू नये. पण सांबर ओरडले तर गाडी थांबवावी. झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे, वाळूत उमटलेले पाऊल, गिधाडांची घिरटी, या साऱ्याला अर्थ असतो. आमच्या चिरंजीवांनी व्याकरणाकडे असे लक्ष कधी दिले असते तर!

तीन फेऱ्या झाल्या. गवे पाहिले, अस्तन्या घातल्यासारखे पांढऱ्या पायांचे आणि चकाकत्या काळ्या अंगाचे. रानकुत्र्यांची टोळी पाहिली. तलावाकाठी उन्हात पडलेली मगर पाहिली. एक अस्वल पाठ दाखवून निघून गेले. वाघ मात्र नाही. प्रवेशद्वारी परतणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच प्रश्न विचारी, ‘दिसला का?’ ‘काय’ हे विचारण्याची गरजच नव्हती. होकार देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्याचा आनंद, आणि आम्ही नापासांच्या रांगेत.

चौथी फेरी

चौथी फेरी शेवटची. मुलाचा चेहरा उतरलेला. समोरून आलेल्या गाडीने सांगितले की, अलीकडच्या पाणवठ्यापाशी वाघीण आहे, पण निघण्याच्या बेतात आहे. गाडी ठरल्या वेगानेच चालली होती. तेव्हा मी, नीतिपर निबंधांना गुण देणारा मी, चालकाच्या कानाशी वाकून म्हणालो, ‘‘दादा, जरा जोरात घ्या. वरचे पैसे देईन.’’

चालकाने वाटाड्याकडे पाहिले. वाटाड्या मागे वळला. तो रागावला नव्हता. तो म्हणाला, ‘‘सर, माझी काकू मोहफुलं वेचायला गेली होती. तिला वाघ पाहायचा नव्हता, तिला दिसला. तुम्हाला पाहायचा आहे, तुम्हाला दिसत नाही. हे काही पैशानं होत नाही सर.’’

गाडीत कोणी बोलले नाही. सौभाग्यवतींनी थोड्या वेळाने हळूच विचारले, ‘‘मग तुम्ही हे काम कसं करता, भाऊ?’’

‘‘ताई, वाघ आहे म्हणून तुम्ही येता. तुम्ही येता म्हणून माझी मुलगी शाळेत जाते. आणि काकू गेली तेही खरंच. दोन्ही खरं आहे.’’

आम्ही पाणवठ्यापाशी पोहोचलो तेव्हा तेथे सात-आठ गाड्या होत्या आणि वाघीण गेलेली होती. परतताना, आम्ही अर्ध्या तासापूर्वी ज्या वाटेने गेलो होतो त्या वाटेवर, आमच्याच चाकांच्या खुणांवर ताजी पावले उमटलेली वाटाड्याने दाखवली. चिरंजीव गाडीतून वाकून ती पावले किती तरी वेळ पाहत होते.

हिशेबाची दुसरी बाजू

घरी आल्यावर मी थोडे वाचन केले. १९७२ साली देशात वाघांची मोजणी झाली तेव्हा १८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नवांत आपले मेळघाट होते. पुढे पावलांच्या ठशांवरून मोजण्याऐवजी कॅमेरे लावून मोजणी होऊ लागली, तेव्हा २००६ साली संख्या १४११ निघाली आणि सारा देश हादरला. २०२२ च्या मोजणीत ती ३६८२ वर गेली. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते, ते २०२२ साली ४४४ झाले. असे यश जगात फार थोड्या देशांना लाभले आहे.

पण या यशाचे मोल कोण देतो? वाघ वाढले, जंगल वाढले नाही. तरुण वाघाला स्वतःची हद्द लागते. ती त्याला गाभ्यात मिळाली नाही की तो शेताकडे आणि गावाकडे सरकतो. जामनी, नवेगाव यांसारखी गावे वाघासाठी जागा करून बाहेर गेली. २०२१ च्या नोव्हेंबरात वाघांच्या मोजणीचे काम करीत असताना ताडोबातील एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी गेल्या. हातात चार पैसे यावेत म्हणून त्या रानात गेल्या होत्या.

आणि आपण? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी वाटेत अडवून धरले. नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती बातमी वाचताना त्या पर्यटकांना मी मनात बरेच बोलून घेतले होते. ताडोबाच्या चौथ्या फेरीनंतर तो अधिकार माझ्याकडे राहिला नाही.

हे सारे लांबचे आहे, असे ठाणे-कल्याणकरांनी समजू नये. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एक बिबट्या रहिवासी इमारतीत शिरला, काही जण जखमी झाले, आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेले. आपल्याकडे बिबट्या आला म्हणजे आपण इमारतीत कोंडून घेतो आणि वनखात्याला दूरध्वनी करतो. चंद्रपूरच्या खेड्यात कोंडून घेऊन भागत नाही. सकाळी रानात जावेच लागते.

दुसरीही एक गोष्ट कळली. आमच्या टिटवाळ्यापासून कसाऱ्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. ज्या तलावाचे पाणी मुंबईकर पितात त्याच्याच भोवतालचे हे रान. रानपिंगळा नावाचे घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. ते नाहीसे झाले असे मानीत. ते १९९७ साली खानदेशात पुन्हा सापडले आणि २०१४ साली तानसाच्या जंगलातही दिसले. वीतभर उंचीचा हा पक्षी पाहायला कोणी रांग लावीत नाही. आमच्या चिरंजीवांनी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत तानसाला जायचे ठरवले आहे, आणि या वेळी सौभाग्यवतींनी महाबळेश्वरचे नावही काढले नाही.

ताडोबाहून परतलो त्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी जिन्यातच गाठले आणि तोच प्रश्न केला, ‘‘काय रे, वाघ दिसला का?’’

मला वाटले, पोरगा आता रडवेला होणार. तो म्हणाला, ‘‘नाही काका. पण तिथं लोक कसे राहतात ते दिसलं.’’

काकांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. मला मात्र वर्गातला तो जुना धडा आठवला. बाण उतरवणाऱ्या राजाचे आपण कौतुक करतो. आपल्या हाती आता बाण नाही; गाडी आहे, कॅमेरा आहे आणि खिशात वरचे पैसे आहेत. आडवे येऊन थांबवणारा भेटला, तर आपणही थांबावे.