अंगणातली धूळ कुठून आली?

सोमवार, २४ जानेवारी २०२२. कोरोनाच्या ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाहेर पंधरा-वीस माणसे खोकत उभी. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, कोरडा खोकला, एखाद्याला धाप. ताप मात्र फारसा कुणालाच नव्हता. एवढी एक गोष्ट तरी माझ्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही. खोकला म्हणजे कोरोना असे तेव्हा लोकांच्या आणि आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात पक्के बसले होते. सगळ्यांना तपासणी लिहून दिली आणि घरात वेगळे राहायला सांगितले.

त्यांत आमचे एक निवृत्त गुरुजी होते. सत्तरी ओलांडलेली, दमा वीस वर्षांचा. छातीत सूं-सूं वाजत होते. एरवी मी लगेच नेब्युलायझरची वाफ दिली असती, पण संसर्गाच्या भीतीने तो आम्ही बंदच ठेवला होता. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, ताप नाही, चहाची चव लागते, मग कोरोना कसला?" मी म्हटले, "गुरुजी, रिपोर्ट येऊ द्या." रिपोर्ट दोन दिवसांनी आला, निगेटिव्ह. पण त्याआधीच्या रात्री त्यांना नाशिकला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला होता. सुदैवाने तीन दिवसांत घरी आले.

नंतर विचारपूस केली. रविवारी दुपारपासून आभाळ पांढुरके झाले होते, गार वारा सुटला होता, ओट्यावर आणि मोटारसायकलींवर पिठासारखा थर बसत होता. गुरुजींनी दिवसभरात दोनदा ओटा झाडला. कोरड्या झाडूने! मी स्वतः गाडीची काच पुसली होती आणि ती पुसतानाही मला काही सुचले नाही.

ती धूळ आपल्या गावची नव्हती. शनिवारी, २२ जानेवारीला, पाकिस्तानात कराचीच्या बाजूला जोराचे वारे सुटले. धुळीचा लोट अरबी समुद्रावरून गुजरातकडे सरकला आणि रविवारी मुंबई, पुणे व आपला भाग त्यात सापडला. कराची ते मुंबई सरळ अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. साधारण एका दिवसाचा हा प्रवास उपग्रहांनी वरून टिपला होता. म्हणजे आम्ही बेसावध असताना धूळ वाटेवर असल्याचे चित्र उपलब्ध होते.

हे चित्र कसे मिळते, ते थोडक्यात सांगतो. काही उपग्रह पृथ्वीभोवती उत्तर-दक्षिण फिरतात आणि एका जागेवरून दिवसा ठरावीक वेळी जातात. त्यांचे फोटो बारकाईचे, पण दिवसातून मोजकेच. दुसरे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरत एकाच भागावर नजर ठेवून असतात. आपले इन्सॅट मालिकेतले हवामान-उपग्रह या जातीचे. त्यातला इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडला. ते दर अर्ध्या तासाच्या आसपास चित्र पाठवतात, त्यामुळे लोट कुठून कुठे चालला हे ओळीने कळते.

समुद्रावर धूळ ओळखणे सोपे. पाणी काळसर दिसते, त्यावर भुरा पट्टा उठून दिसतो. जमिनीवर मात्र मातीवर माती, दिसणार काय? आणि रात्री तर सगळाच अंधार. तेथे उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांचा उपयोग होतो. धूळ आणि ढग ही किरणे वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. जवळजवळच्या दोन तरंगलांबींच्या मापांतला फरक काढला की धूळ कोणती आणि ढग कोणता हे कळते. मग संगणक धुळीला गुलाबी रंग देतो. एका पेशंटने मला मोबाइलवर असे चित्र दाखवून विचारले, "डॉक्टर, आभाळ खरेच गुलाबी झाले होते का?" नाही हो, तो समजण्यासाठी दिलेला रंग आहे!

आगीचेही तसेच. तापलेली जागा विशिष्ट अवरक्त किरणांत झळकते आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. आपल्याकडे उसाचे पाचट पेटवतात, तेही कधी कधी असे दिसते. पण ठिपका म्हणजे तेवढे सगळे क्षेत्र जळाले असे नव्हे, आणि उपग्रह जाण्याच्या वेळी विझलेली किंवा ढगाखालची आग निसटते.

आता सर्वांत मोठी अडचण. उपग्रह वरून खाली पाहतो. जमिनीपासून आभाळापर्यंत हवेच्या सगळ्या थरांत मिळून किती धूळ किंवा धूर आहे, हे त्याला कळते. आपण श्वास घेतो तो तळाच्या थरात. कधी धूर दोन-तीन किलोमीटर उंचावरून निघून जातो. सूर्य तांबडा दिसतो, पण खाली कुणाला ठसका लागत नाही. म्हणून चित्रावरून दिशा कळते, मात्रा नाही. मात्रेसाठी जमिनीवरचे यंत्र हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर अशा केंद्रांचे आकडे दिसतात. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ साठी ६० आहे. आपल्या गावात यंत्र नाही, नाशिकच्या आकड्यावरच अंदाज बांधायचा.

धूळ आणि धूर यांत डॉक्टरच्या दृष्टीने मोठा फरक आहे. वाऱ्याच्या धुळीतले बरेच कण जाडे. ते नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात, खोकला व दमा उठवतात. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनहूनही बारीक. ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि हृदयरोग्यालाही त्रास देतात. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या वणव्यांचा धूर शेकडो मैल खाली न्यूयॉर्क, न्यू जर्सीपर्यंत आला, आभाळ नारिंगी झाले. गुरुजींची मुलगी न्यू जर्सीत असते. तिने फोनवर विचारले, "काका, तोंडाला ओढणी बांधली तर चालेल ना?" मी सांगितले, ओढणीने जाडी धूळ थोडीफार अडेल, धूर अडणार नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवून लाव, आणि त्याहून बरे म्हणजे खिडक्या लावून घरातच थांब.

धुळीचा लोट येतोय असे कळले तर दमेकऱ्याने काय करावे? पंप संपत आला असेल तर आदल्या दिवशीच आणून ठेवावा. रोजचा प्रतिबंधक पंप, बरे वाटते म्हणून बंद केलेला असतो (पुष्कळजण करतात), तो डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावा. फिरणे त्या दिवशी बंद. ओटा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा, तोही घरातल्या दुसऱ्या कुणी. पंप घेऊनही धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गुरुजींच्या नातवाने मला उपग्रहाचे चित्र पाहायला शिकवले. आता हिवाळ्यात आभाळ पांढरे दिसले की सकाळी सातलाच गुरुजींचा फोन येतो, "डॉक्टर, आज धुके की धूळ?" परवाही आला. चित्र पाहिले, नाशिकचा आकडा पाहिला. गोदाकाठचे धुके होते. म्हटले, "गुरुजी, उन्ह वर येऊ द्या, मग मफलर बांधून जा फिरायला."