‘लाईट’ वेगळी, ‘केमो’ वेगळी : कॅन्सरच्या घरात आधी एवढे सांगा

चुडावा, पूर्णा या पट्ट्यात कॅन्सर निघालेल्या घरी गेलो की आम्हाला हमखास विचारतात, “लाईट आणि केमो एकच ना?” एकच नाही. घरातल्या कोणी किती दिवस मजुरी बुडवायची, राहायचे कुठे, हे याच फरकावर ठरते. म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

रेडिएशन म्हणजे आपल्याकडची ‘लाईट’ किंवा ‘शेक’. हा एका जागेवरचा उपचार आहे. यंत्रातून जास्त शक्तीचे किरण गाठीवर नेमून सोडतात. ते पेशीतला डीएनए तोडतात आणि पेशीची वाढ थांबते. रोजचे काम काही मिनिटांचे, दुखत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस, बहुधा पाच ते सात आठवडे जावे लागते. थकवा येतो. बाकी त्रास जिथे किरण पडतात तिथलाच : तोंडाला लाईट असेल तर तोंड येते, गिळवत नाही; ओटीपोटाला असेल तर जुलाब लागतात.

केमो म्हणजे औषध. सलाइनमधून किंवा गोळीतून ते रक्तात जाते आणि अंगभर फिरते. म्हणून ब्लड कॅन्सरला किंवा पसरलेल्या आजाराला केमो लागते. हे औषध भरभर वाढणाऱ्या पेशी मारते, पण केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भरभर वाढणाऱ्याच. मळमळ, केस गळणे त्यातूनच येते. केस गळाल्याची चिंता सगळे करतात, खरा धोका मात्र तापाचा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप 100.4 फॅरेनहाइटवर गेला तर त्याच रात्री दवाखाना गाठा. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

कधी दोन्ही एकत्र देतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाढलेला असेल तर मुख्य उपचार लाईटचा : आधी बाहेरून, मग आतून. सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 2003 ते 2011 या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या 850 महिलांवर हे तपासून पाहिले. नुसती लाईट घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी 46 टक्के जिवंत होत्या, सोबत केमो घेतलेल्यांपैकी 54 टक्के. शंभरात आठ बायका जास्त वाचल्या, तेही जुन्या आणि तुलनेने स्वस्त औषधाने.

या आजारात सगळी लाईट आठ आठवड्यांच्या आत संपवायची असते. गोची इथेच होते. केमो बऱ्याचदा तीन आठवड्यांनी असते, गावाहून जाऊन-येऊन जमते. लाईटचे तसे नाही. सोयाबीन काढणीला आले म्हणून दहा दिवस गावी आलात तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. म्हणून लाईट सुरू होण्याआधीच राहण्याची सोय बघा आणि सोबत कोण कोण थांबणार, त्यांच्या पाळ्या लावा. वस्तीतल्या चार पोरांनी हे वाटून घेतले तर एकट्या घरावर भार येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आणि टाटात दोन्ही उपचार मिळतात. संभाजीनगर आणि मुंबईला पूर्णा जंक्शनवरून थेट गाड्या आहेत. रुग्णालयाचा ठरलेला फॉर्म असेल तर स्लीपरमध्ये रुग्णाचे भाडे माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, पैसे नंतर.

आणखी एक. लाईट घेणाऱ्याजवळ लेकरू जाऊ देत नाहीत, त्याचे ताट-तांब्या वेगळे करतात. यंत्राने बाहेरून दिलेली लाईट अंगात उरत नाही, लेकरू खुशाल मांडीवर घ्यावे. केमोनंतर दोन दिवस संडास-लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, एवढीच खबरदारी. ताट वेगळे ठेवले की माणसाला काय वाटते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना विचारून वहीत लिहून घ्या : लाईट किती, केमो किती, कधीपासून कधीपर्यंत, आणि रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा.