चरबीतल्या गाठी

सकाळी ८.०० – कोल्हापूरच्या राजारामपुरीतली पॅथॉलॉजी लॅब. टेक्निशियन मामा कुलूप काढतात, आधी एक्झॉस्ट लावतात. फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात, इतक्या वर्षांनीही. कागलहून रोजची ये-जा, पगार २२ हजार. प्रोसेसर रात्रभर चालला: अल्कोहोल, झायलिन, शेवटी साठेक अंशांवरचं मेण. आत शिरोळकडच्या एका शेतकऱ्याच्या मोठ्या आतड्याचे तुकडे.

९.३० – मेणाचे ब्लॉक बर्फावर. मग मायक्रोटोमचं चाक. काप ३-४ मायक्रॉनचा. रिबन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या जाऊ द्यायच्या, काचेवर अलगद उचलायची. पातं बोथट झालं की कापावर चरा उठतो. एक पातं शंभर-सव्वाशेला पडतं, म्हणून मामा ते सरकवून सरकवून पुरवतात. कॅन्सरच्या कडेच्या ब्लॉकला मात्र नवं कोरं पातं. तिथं काटकसर नको, हे त्यांचं बरोबरच आहे.

१२.०० – हिमॅटॉक्सिलिन, इओसिन. जांभळं, गुलाबी.

१.०० – पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी. कॅन्सर स्नायूच्या पार गेलाय, आतड्याभोवतीच्या चरबीत काल सापडलेल्या ९ लसिकागाठींत मात्र नाही. म्हणजे दुसरी पायरी. केमो द्यायची की नाही, हा प्रश्न इथंच अडतो. म्हणून मॅडम कड न्याहाळतात. मूळ कॅन्सरपासून सुटलेल्या एकट्यादुकट्या पेशी, किंवा चारपर्यंतचे पुंजके. २०१६ साली बर्नमध्ये तज्ज्ञांनी त्यांच्या मोजणीची रीत ठरवली: सर्वांत दाट जागी, ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये. ४ पर्यंत कमी, १० पासून जास्त. इथं ७ भरतात. रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. भोवती लढाऊ पांढऱ्या पेशी बऱ्याच, हे चांगलं.

“मामा, गाठी नऊच आहेत. बारा तरी हव्यात.”

कमी गाठी बघून ‘गाठींत पसरलेला नाही’ असं लिहिलं, तर त्या ओळीवर कुणी विसंबायचं?

३.०० – बरणीतली चरबी पुन्हा ट्रेमध्ये. याला यंत्र नाही. दोन बोटांत चरबी दाबत, पसरत जायचं. मऊ, मऊ, मऊ, मग काहीतरी घट्ट, भिजल्या मुगाएवढं. दोन हातमोजे घातले तर बोटाला कळत नाही, म्हणून एकच. रक्तवाहिनीचा तुकडा फसवतो. कापून बघावं लागतं. मान अवघडते. दीड तासात पाच सापडतात. मॅडम एकेक बघून मान डोलावतात.

५.३० – काउंटरवर शेतकऱ्याचा मुलगा. “मामा, आज मिळणार म्हणालता की.”

“आणखी गाठी सापडल्यात, दादा. त्या बघितल्याशिवाय सही होत नाही. परवा या.”

एक ब्लॉक मुंबईलाही जायचाय, चार प्रथिनांच्या तपासणीसाठी. त्यांतलं एखादं जरी नसेल तर या पायरीवर रोग परतायची भीती कमी, आणि नेहमीच्या एकट्या फाइव्ह-एफयू केमोचा उपयोगही नाही. खर्च काही हजार. मुलगा विचारतो, सरकारी योजनेत बसतं का?

“थांबा, मॅडमना विचारून येतो.”

६.३० – पाच गाठी, दोन कॅसेटी. पेन्सिलीनं नंबर, कारण शाई झायलिनमध्ये उडते. मामा प्रोसेसर लावतात.