रुमाल वर, रुमाल खाली

पोलिसांची गाडी दिसली की रुमाल नाकावर, गाडी वळणाआड गेली की हनुवटीखाली. 2020-21 मध्ये नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यासारख्या गावांत, बाजाराच्या गर्दीत ही कवायत पाहिली नाही असा माणूस विरळा. विषाणूला गाडी कळत नाही, हे रुमालवाल्यालाही ठाऊक होतं. तो तोंड झाकत होता ते दंडाच्या पावतीच्या भीतीने.

मुळात मास्क करतो काय? बहुतेकांच्या डोक्यात चाळणी असते. विषाणू जेमतेम 0.1 मायक्रॉनचा, कापडाची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी, मग तो अडणार कसा? शंका रास्त, पण चाळणी चुकीची. एक तर विषाणू सुटा उडत नाही, थुंकीच्या सूक्ष्म कणांवर बसून निघतो. दुसरं, तंतूंच्या जंगलातून हवा वाकडीतिकडी जाते. जड कणांना ती वळणं जमत नाहीत, ते तंतूंवर आदळतात. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठेतरी चिकटतात. सर्वांत चुकार ते मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांना ओढून घ्यायला एन-95 मास्कच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो, म्हणूनच तो साबणाने धुतला की कामातून जातो. सुती रुमालाला असा भार नाही, आणि गालाशी फट राहिली की हवा तिथूनच पळते. तरीही बोलणाऱ्याच्या तोंडातून निघालेले थेंब वाळून हलके होण्याआधीच दुपदरी कापड त्यांतले बरेचसे टिपतं.

म्हणजे रुमालाचा जास्त फायदा बांधणाऱ्याला नाही, समोरच्याला. वैशाखाच्या उन्हात, घामाघूम होऊन, दुसऱ्यासाठी तोंड बांधायचं, तेही न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. असं सांगणारा माणूस कोण, यावरच सगळं अडतं.

आणि सांगणारे सुरुवातीलाच अडखळले. मार्च 2020 मध्ये निरोग्यांना मास्कची गरज नाही, असं सांगितलं जात होतं. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राने घरगुती मास्क वापरायला सांगितलं, 8 एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कची शिफारस केली ती 5 जूनला. मधल्या काळात लक्षणं नसलेल्यांकडूनही लागण होते हे स्पष्ट होत गेलं, शिवाय आधी डॉक्टर-नर्सना मास्क पुरावेत ही चिंता होती. दोन्ही कारणं खरी. पण ‘आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं’ हे साधं वाक्य मात्र अधिकाऱ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू आलं. माहिती बदलली म्हणून सल्ला बदलतो, यात विज्ञानाची शोभा आहे. काल काही बोललोच नव्हतो असा चेहरा करण्यात नाही.

सांगणारा माणूस किती महत्त्वाचा, हे बांगलादेशात दिसलं. तिथे नोव्हेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात 600 गावांत, सुमारे 3 लाख 42 हजार प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, इमाम आणि गावातल्या वजनदार मंडळींनी ते स्वतः वापरून दाखवले, आणि बाजारात, मशिदीपाशी कार्यकर्ते उभे राहून उघड्या तोंडाच्या माणसाला नम्रपणे आठवण करत राहिले. इतर गावांत मास्क नीट वापरणारे 13 टक्के होते, इथे ते 42 टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे 11 टक्क्यांनी घटली. कापडी मास्कचा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते हे: मोबाइलवरच्या संदेशांनी किंवा गावाला देऊ केलेल्या बक्षिसाने काही भर पडली नाही. समोर उभा राहिलेला माणूस मात्र कामी आला.

नंदुरबारला असा माणूस अगदी वरच्या खुर्चीत मिळाला होता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल समाजातले, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे आणि शिक्षणाने डॉक्टर. जिल्ह्याची जवळजवळ 70 टक्के वस्ती आदिवासी. पहिली लाट ओसरत असताना प्राणवायूचे प्रकल्प उभारून ठेवल्याबद्दल 2021 मध्ये त्यांचं देशभर कौतुक झालं. त्याच जिल्ह्यात लशीबद्दलच्या अफवांनी पाडेच्या पाडे दारं लावून बसले, हेही तितकंच खरं. एका चांगल्या अधिकाऱ्याच्या पुण्याईवर सगळ्या खात्याची पत उभी राहत नाही.

सरकारवरच्या विश्वासाचा हा हिशेब जुना आहे. मार्च 2020 मध्ये राज्याने लागू केला तो साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसून झडत्या घेत होते, आणि 22 जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रोग्यांना वेगळं ठेवणं शास्त्राला धरून होतं. देवघरापर्यंत बूट नेणं नव्हतं.

याउलट सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत दारात आली ती गावातलीच आरोग्यसेविका, आशाताई. हातात तापमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तिला दार उघडलं जायचं, कारण घरातल्या सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात तीच घेऊन गेलेली असायची. अफवा कानावर पडली तरी ‘ताई, हे खरं का गं?’ असं विचारता येईल अशी ती एकटीच. सरकारच्या लेखी मात्र ती कर्मचारी नव्हे, मानधनावरची स्वयंसेविका. जून 2021 मध्ये राज्यभरातल्या आशांना त्या मानधनासाठी संपावर जावं लागलं.

एप्रिल 2022 मध्ये मास्कची सक्ती उठली. आशाताई अजून फिरतेच आहे. आता विषय सिकलसेलचा. भिल्ल, पावरा, मावची घरांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि तपासणीसाठी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. ‘रक्त कशाला नेता?’ असा प्रश्न ओट्यावरूनच येतो. ती चप्पल काढते, पाणी मागते, आणि मग सांगायला बसते.